सरसाचा फाटा

३ ऑक्टोबर

आजपासून आमचं घर सात फूट रुंद. लांबीला मात्र भरपूर. सिरिल मागच्या टोकाला सुकाणू धरून उभा असतो आणि मी पुढे स्वयंपाकघरात. मी केलेला चहा त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर निम्मा निवतो आणि उरलेला बशीत सांडतो. लेस्टरचं घर विकून या कालव्यावर बोटीत राहायला आलो म्हणून माझ्या बहिणीने आम्हाला वेड्यात काढलं. काढू दे. खिडकीतून गाई दिसताहेत, आणि खिडकी पुसायला शिडी लागत नाही.

बोटीचं नाव 'मेडोस्वीट'. हिरवा रंग, लाल कडा, दारावर कुणीतरी हौसेने रंगवलेले गुलाब. सिरिलने चढल्या चढल्या बाह्या सरसावल्या आणि कोळशाची शेगडी सोडून सगळं फिनाईलने पुसून काढलं. जन्मभर आरोग्य खात्यात हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासली त्याने. उंदराची एक लेंडी दिसली की टाळं ठोकायचा. आमची ओळखही तशीच झाली. मी शाळेत स्वयंपाकीण होते आणि हा माझ्या ओट्याखाली गुडघ्यांवर रांगत टॉर्च मारत होता. काही सापडलं नाही. बाहेर येऊन त्याने आधी हात धुतले, मग माझं नाव विचारलं. अजूनही दाराची कडी धरली तरी हात धुतो.

मी म्हटलं, आता तरी जरा सैल सोड. तर म्हणतो, "विनी, घर लहान म्हणजे घाण जवळ."

८ ऑक्टोबर

हात बसत चालला. सकाळी शेगडीतली राख काढायची, दुपारपर्यंत बोट हाकायची, बोटीला पाण्याची पायरी चढवणारा दारांचा हौद, म्हणजे लॉक, आलं की मी उतरून त्याची जड लाकडी दारं पाठीने ढकलायची आणि पाणी चढायची वाट बघायची. काठावरून चालणारा माणूससुद्धा आम्हाला मागे टाकून जातो, पण जाताना चार शब्द बोलून जातो. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर बदकं बघत बसतो. खरं काम म्हणजे संडासाची पेटी. ती भरली की दोघांनी मिळून उचलायची, काठावरच्या मोरीत रिकामी करायची, निळं औषध घालून परत आणायची. सिरिल नाकाला रुमाल बांधतो, कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवतो. शेजारच्या बोटींवरच्या बायका तोंडाला एप्रन लावून हसतात.

आज पहिल्यांदा पंखा अडकला. इंजिनाशेजारी एक लोखंडी पेटी आहे. तिचं झाकण उघडलं की खाली थेट कालव्याचं पाणी आणि पाण्यात बोटीचा पंखा. काही गुंतलं की पालथं पडायचं, हात खांद्यापर्यंत आत घालायचा आणि चाचपडत काढायचं. दिसत काही नाही. सिरिलचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. एक प्लास्टिकची पिशवी, सुतळी, आणि कुण्या बाईची ब्रेसियर निघाली. तेवढ्यात कोळसा विकत फिरणारा नॉर्मन प्रुएट त्याची बोट घेऊन शेजारून चालला होता. तो म्हणाला, "बाईसाहेब, मापाची आहे का बघा, नाहीतर माझ्या बायकोला देतो नेऊन." सिरिलने त्याच्याकडे मान वळवून बघितलं नाही. नंतर साबणाची अख्खी वडी झिजवली.

१३ ऑक्टोबर

नॉर्मनकडून कोळशाच्या दोन गोण्या घेतल्या. थंडी काढायला शांत जागा हवी आहे म्हटल्यावर सिरिलने नकाशात एक फाटा दाखवला: एक लॉक ओलांडलं की झाडीतून जाणारं पाणी, पुढे बंद. ना रहदारी, ना शेजार.

नॉर्मनने थुंकायला काठाकडे तोंड फिरवलं. म्हणाला, तो सरसाचा फाटा. त्याच्या आज्याच्या काळी तिथे कारखाना होता. म्हातारे घोडे, खुरं, कातडी, हाडं, सगळं कढयांत उकळून सरस करायचे आणि तळाला उरेल तो गाळ पाण्यात सोडायचे. पाणी कमी आणि खळ जास्त, असं त्याचा बाप सांगायचा. तिथे कुणी बोट लावत नाही.

सिरिल म्हणाला, कारखाना बंद होऊन जमाना झाला, गाळ केव्हाच खाली बसला असेल, मला गटारांबद्दल शिकवू नका.

"नाही शिकवत," नॉर्मन म्हणाला. "लोकांचे संडास तपासून पेन्शन घेतलेला माणूस तुम्ही. आमची काय टाप."

झालं. आता सिरिल तिथेच जाणार. मला माहीत आहे तो.

१५ ऑक्टोबर

फाट्यात आलो. लॉकमधून बाहेर पडताना मागच्या दाराची बिजागरी निखळली, दार पाण्यात तिरकं झालं. कालव्याच्या खात्याचा माणूस सायकलवरून आला, फळ्या ठोकून गेला. दुरुस्ती नाताळानंतर. तोवर बोट बाहेर निघायची नाही. सिरिल तर खूश. आता कुणी त्रास द्यायला येणार नाही म्हणाला.

जागा देखणी आहे. दोन्ही बाजूंनी झाडं वाकलेली, पाणी काळं नि गुळगुळीत. फक्त बदकं नाहीत. गळ टाकून बसलेला एकही माणूस नाही. टोकाला विटांची पडकी भिंत आणि चिमणीचं थोटूक. तिथे पोचायच्या जरा आधी पंखा कण्हला आणि थांबला.

सिरिलने हातमोजे काढले, त्यांतून चाचपता येत नाही म्हणून. बराच वेळ आत हात घालून ओढत होता. मग जे वर आलं ते मला नीट सांगता येणार नाही. राखाडी रंगाचा, तिंबलेल्या कणकेसारखा गोळा, आणि त्यात केस. आखूड, तपकिरी केस, एका बाजूला विंचरल्यासारखे बसलेले, घोड्याच्या मानेवर असतात तसे. वास ओल्या कातड्याचा आणि उकळलेल्या खुरांचा. सिरिलने तो खाली टाकायला हात झटकला तर गोळा बोटांना धरून लोंबत राहिला, ताणत ताणत लांब झाला, आणि हळूच परत पेटीत उतरला.

मी काठावर जाऊन ओकले. सिरिल हात धूत होता, धूत होता. म्हणाला, "विचित्र आहे, विनी. कोमट होतं ते."

१९ ऑक्टोबर

तो रोज झाकण उघडतो. रोज पेटी पुन्हा भरलेली. बादलीभर काढून झाडीत टाकतो. दुसऱ्या दिवशी झाडीत काही नसतं आणि पेटी काठोकाठ.

वास आता गाद्यांत बसला आहे, पडद्यांत, माझ्या केसांत. लोणी चाखलं तर लोण्याला तो वास. मी सगळ्या खिडक्या उघड्या ठेवते आणि थंडीने कुडकुडते.

त्याचा उजवा हात मनगटापासून पांढरा पडला आहे. खूप वेळ पाण्यात राहिल्यावर बोटं सुरकुततात तशी आधी सुरकुतली, मग फुगून गुळगुळीत झाली. बोटांवरच्या रेषा गेल्या. आज चहाचा कप खाली ठेवायला गेला तर कप हाताला चिकटून राहिला. त्याने ओढला. सुटताना जो आवाज झाला तो मला जेवताना आठवला आणि मी ताट सारलं.

डॉक्टरकडे चल म्हटलं तर हसला. मला जास्त भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. कापलेला पाव त्याने तसाच, न धुतलेल्या हाताने, मला वाढला.

२६ ऑक्टोबर

आज जरा बरा दिवस. मी चालत गावात गेले होते. पीठ, अंडी, मेणबत्त्या, त्याच्यासाठी मलम आणलं. परतले तर शेगडीवर पातेलं. छत्तीस वर्षांत ज्याने अंडं उकडलं नाही त्याने सूप केलं होतं. दाट, तपकिरी, डुकराचे पाय रात्रभर शिजवल्यावर येतो तसा चिकटपणा. ओठाला ओठ लागावा असा. मीठ नेमकं. मी दोन वाट्या संपवल्या आणि पावाने पातेलं पुसलं. शाळेच्या सातशे मुलांना जेवू घातलेली बाई मी, त्याला कृती विचारली.

हाडांचं आहे म्हणाला.

मला इतकं बरं वाटलं. वाटलं, माझा माणूस परत आला.

२९ ऑक्टोबर

बघितलं.

सरपण गोळा करायला उतरले होते, पिशवी विसरले म्हणून लगेच वळले. मागच्या डेकवर सिरिल पेटीशी पालथा पडलेला. शेजारी पातेलं. पळीने काढत होता. केस बोटांनी वेचून बाजूला ठेवत होता, मी मसूर निवडते तसे. मधेच एक बोट चाटलं.

माझ्याकडे बघून तो दचकलासुद्धा नाही. म्हणाला, "गाळून घेतो गं मी. तुला केस लागलेले आवडत नाहीत ना."

मी घशात बोटं घातली. मिठाचं पाणी प्यायले. तीन दिवसांपूर्वीचं, काय निघणार. पोटात ते कुठे आहे हे मला कळतं असं वाटतं. डाव्या बरगडीखाली. कोमट.

२ नोव्हेंबर

तो बोटीतून उतरत नाही. बिछान्यात पडून असतो किंवा पेटीशी. पांढरेपणा खांद्यापर्यंत चढला. काल चादर बदलायला त्याला उठवलं तर चादर पाठीबरोबर आली, आणि पाठीचं थोडं चादरीबरोबर. त्याला दुखलं नाही. खालचं मांस लाल नव्हतं. जेलीसारखं, पलीकडचा उजेड दिसेल असं.

त्याचा हात कोपर आणि मनगट यांच्या मधे वाकतो. जिथे हाड असायला हवं तिथे.

मी त्याच्याकडे पाठ करून निजते. त्याने हात टाकू नये म्हणून मधे उशी ठेवते. ज्या माणसाशिवाय मला झोप लागत नसे त्याच्या श्वासाने मला मळमळतं. हे लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू.

तो मात्र कधी नव्हता इतका खुशीत आहे. गुणगुणतो. म्हणाला, आयुष्यभर किती घासलं विनी मी, किती दमलो.

५ नोव्हेंबर

नॉर्मन आला. लॉक बंद म्हणून ढकलगाडीतून कोळसा घेऊन काठाकाठाने चालत. फाट्याच्या तोंडापासून नाकाला रुमाल लावला होता. मला म्हणाला, "बाईसाहेब, इथे घोडा मेलाय की नवरा?" आणि माझा चेहरा बघून ढकलगाडी तिथेच सोडली.

सिरिल दारात आला. दुलई पांघरलेली. मोठ्या अगत्याने त्याने हात पुढे केला, आणि नॉर्मनने सवयीने तो धरला.

सुटेना. नॉर्मनने ओढलं. तळव्याची कातडी हातमोज्यासारखी उलटी होत निघाली आणि नॉर्मनच्या मुठीत राहिली, नखांसकट. सिरिल त्याच्याकडे बघत होता, काहीतरी सांडल्यावर पाहुण्याकडे बघतात तसा, ओशाळून.

नॉर्मनने काठावरच्या मातीत हात घासला, चिखलात घासला, रडकुंडीला आला होता तो एवढा दांडगा माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाला, "उद्या सकाळी पुलावर मोटार आणतो. दोघांना इस्पितळात नेतो. त्याला पांघरुणात गुंडाळा, काही सामान घेऊ नका, फक्त चला." मी हो म्हटलं. मी त्याच्या गळ्यात पडले असते, पण तो मागे सरकला.

सिरिलला सांगितलं. शांतपणे ऐकलं त्याने. उद्या ना, म्हणाला. मग ठीक आहे.

६ नोव्हेंबर

सकाळी बिछाना रिकामा. ओला.

मागच्या डेकवर पेटीचं झाकण उघडं. शेजारी त्याचा पायजमा, घडी करून. चष्मा. लग्नाची अंगठी. चहाच्या कपात त्याचे दात, सगळे, मुळांसकट, स्वच्छ धुतलेले.

पेटीचं तोंड हातभरसुद्धा रुंद नाही. त्यातून माणूस जात नाही. हाडं असलेला माणूस जात नाही.

कडेला सगळीकडे एक राखाडी थर, आणि थरात त्याचे पांढरे केस. एका बाजूला विंचरलेले.

६ — नंतर

नॉर्मन येऊन गेला. मी दार उघडलं नाही. खिडकीतून सांगितलं, सिरिल पहाटेच डर्बीला त्याच्या बहिणीकडे गेला, बसने, तब्येत बरी आहे.

"त्या अवस्थेत? बसने?" तो म्हणाला. नाकावरचा रुमाल खाली घेतला. मग म्हणाला, "तुम्ही तरी चला, बाईसाहेब. हात जोडतो."

का नाही गेले? कारण मी दाराकडे निघाले तेव्हा पायाखालच्या फळ्यांखालून घासल्याचा आवाज आला. बोटीच्या लोखंडी तळाला खालून काहीतरी मऊ, जड, माझ्याबरोबर सरकत. मी थांबले की थांबत. मोरीपाशी गेले, मोरीखाली. छत्तीस वर्षं मी भांडी घासताना तो मागे येऊन उभा राहायचा.

आणि माझे हात मी एप्रनच्या खिशात ठेवले होते. नॉर्मनला दिसू नयेत म्हणून.

८ नोव्हेंबर

झाकणावर कोळशाच्या गोण्या ठेवल्या. पिशवी भरली. गावापर्यंत गेलेसुद्धा.

बेकरीवरून जाताना ताज्या पावाचा वास आला आणि मला भडभडून उलटी झाली, भर रस्त्यात. एका बाईने धरून बाकावर बसवलं. तिच्या अंगाला साबणाचा वास. लव्हेंडरचा. असह्य. तिच्या नखांतला तो कोरडा, पांढरा स्वच्छपणा बघवेना. तिला ढकललं मी. तिच्या बाहीचा धागा माझ्या बोटांना लागून आला.

परत आले. फाट्याच्या तोंडाशी आल्यावर कुठे जरा श्वास घेता आला.

हे वाईट आहे हे मला कळतं आहे. अजून कळतं आहे, म्हणून लिहून ठेवते.

११ नोव्हेंबर

खाल्लं नाही. अंडं फोडलं, ओकले. शुद्ध पाणी प्यायले, ओकले.

डावा तळवा गुळगुळीत. रेषा नाहीत. दाढ हलते.

वहीचं पान हाताला चिकटतं, सोडवताना फाटतं. अलगद लिहावं लागतं —

तो गुणगुणतो खाली. गोण्या हलवल्या का मी? झाकण मोकळं आहे. मी नाही हलवल्या. की —

१३

भूक

आज वास आला नाही. सकाळपासून शोधते आहे, तो घाणेरडा वास गेला कुठे. गाद्या हुंगल्या. माझी बाही हुंगली. आहे, तिथेच आहे. फक्त घाण नाही वाटत. माझ्या आईच्या स्वयंपाकघराचा वाटतो. रविवारचा.

नॉर्मन काठावरून हाका मारतो आहे, दोन माणसं आणली आहेत त्याने. दार ठोकताहेत. त्यांना सांगायला हवं की पाण्याला हात लावू —

सिरिल म्हणतो आधी जेवून घे. गाळून ठेवलंय म्हणतो, केस एकही नाही

उजवा हात पेनाला चिकटला आहे, डाव्याने झाकण — कोमट, किती कोमट आहे रे, आणि त्याची बोटं, बोटं नाहीत, पण माझा हात धरलाय त्याने, ओळखीचा, तसाच, आता पेन सुटत नाही म्हणून तसंच घेऊन आत